विजेच्या देवाच्या डोक्यातला दगड

ज्या देवाचं मी सांगणार आहे तो आपल्याकडचा नव्हे. आपल्याकडे पावसाला इंद्र आहे, पण त्याच्याशी आमच्या गावाचं कधी फारसं जमलं नाही. त्याचं देऊळ नाही, त्याला कोणी नारळ फोडत नाही. हा देव पार उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातला. थॉर त्याचं नाव. तांबडी दाढी, हातात आखूड दांड्याचा हातोडा आणि गाडीला जुंपलेले दोन बोकड. ती गाडी आभाळातून धावली की चाकांचा जो आवाज होतो तोच ढगांचा गडगडाट, असं तिकडचे लोक मानत. आता तिकडेही त्याला हात जोडणारं फारसं कोणी उरलं नाही म्हणतात. पण आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, आमच्या घरात, तो काही वर्षं येऊन राहिला. त्याला आणलं मी, आणि आणलं ते माझ्या धाकट्या जावेपायी.

ती पायाळू.

शहरात वाढलेल्यांना हे सांगावं लागेल. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी आले, तो पायाळू. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं. त्याची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते. आणि वीज त्याला शोधत येते. हे तिन्ही आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पहिल्या दोन गोष्टींचा लोक उपयोग करून घेतात, तिसरीला घाबरून राहतात.

ती लग्न होऊन आली त्या दिवशीच तिच्या आईने मला माजघरात कोपऱ्यात घेतलं होतं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाय, एक सांगायचं राह्यलं. पोर पायाळू हाय. ढग वाजाय लागले की तिला घरात घ्या. लाकडाच्या पाटावर बसवा. अंगावर काय लोखंड-पितळ ठेवू नका."

आता हे 'राह्यलं' कसं, ते मला कळलं. अक्षता पडेपर्यंत राहिलंच असतं ते. पण बिचारी रडायला लागली. मी म्हटलं, "मावशी, पाट काय थोडे हायत आमच्या घरात? बसंल की."

माझ्या दिराला मात्र ह्या सगळ्याचं हसूच यायचं. थट्टेखोर माणूस होता. जेवताना वाढणारीला हसवून तिच्या हातची आमटी सांडवणारा. शेतात काम चाललेलं असावं आणि महाबळेश्वरच्या अंगाने ढग वाजावेत, की हा बांधावर उभा राहून ओरडायचा, "जा गो घरी! तुझ्यापायी आमची होळी नको!"

तीही कमी नव्हती. विळा खाली ठेवायची, पदर खोचायची, आणि जाता जाता म्हणायची, "जाते, जाते. मी गेल्यावर वीजसुदिक तुमच्याकडं ढुंकून बघायची नाय!"

सगळं शेत हसायचं. मग ती बांधाबांधाने घरी यायची, बांगड्या वर सरकवून हाताने दाबलेल्या, आवाज होऊ नये म्हणून. घरात आली की पायातली जोडवी काढून खिडकीत ठेवायची आणि पाटावर बसायची. मी चहा टाकायची. ढग गेले की ती जोडवी चढवून परत शेतावर. इतकी वर्षं हेच. मला तर ढग वाजले की आपोआप चहाची आठवण व्हायची.

तो दिवस चित्रा नक्षत्रातला. भातकापणी चालली होती. सकाळचं ऊन असं कडक की पेंढ्याचा वास नाकात बसावा, आणि दुपारून एकदम डोंगराआडून काळं आलं. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, म्हणून मी घरी. ती आली, जोडवी काढली, पाटावर बसली. तोंडावर अजून हसू होतं. म्हणाली, "आज पण बोलले. होळी नको म्हणाले."

"आणि तू?"

"मी पण बोलले की."

मी आमच्या रीतीप्रमाणे कोयता उचलला आणि अंगणात टाकला. वीज चमकायला लागली की आमच्या गावात अंगणात लोखंड टाकतात. काय पडायचं ते त्याच्यावर पडू दे, घरावर नको, असं म्हणायचं. कोयता दगडावर वाजला आणि त्याच क्षणी आभाळ फुटलं. दोन आवाज असे एकात एक गेले की कोणता कोणाचा ते कळलं नाही. भांडी हलली. ती पाटावरून उठलीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शेतात काय झालं ते मला नंतर आमच्या ह्यांनी सांगितलं. बांधावर ऐनाचं मोठं झाड होतं. पाऊस आला तसे सगळे पळाले. नेहमी पलीकडच्या खोपीत जायचे. त्या दिवशी माझा दीर ऐनाखालीच थांबला. म्हणाला, "पायाळू घरी गेली आमची. आता कशाला घाबरायचं?" त्याचं ऐकून बाकीचेही थांबले. हे थोडे अलीकडे, भाऱ्याला बंध आवळत बसले होते. दिराने खोडाला पाठ लावली, तळहातावर तंबाखू घेतली, चुन्याची डबी काढली.

एवढंच. हे शुद्धीवर आले तेव्हा यांच्या एका कानाने ऐकू यायचं बंद झालं होतं. ते अजून तसंच आहे. बाकीचे चिखलातून धडपडत उठत होते, आणि दीर खोडाला टेकूनच बसलेला, तळहात उघडा.

पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाड एकही मोडलेलं नाही. पाठीवर फक्त तांबडी नक्षी उठली होती, झाडाच्या मुळासारखी फाटे फुटलेली. बाकी माणूस जसाच्या तसा. झोपला असं वाटावं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे ह्या हाडांचंच झालं.

गावाचं तोंड कोण धरणार? नळावर बाया बोलायच्या, "तिलाच शोधत आलेली ती. ती गावली नाय, म्हून तिच्या माणसावर गेली." मी भांडायची. मी म्हणायची, "अगं, तो झाडाखाली उभा होता म्हणून गेला. तुमच्या त्या पायाळूच्या भरवशावर उभा होता!" पण असं बोललं की त्या गप्प होऊन माझ्यामागे बघायच्या, आणि मागे ती कळशी घेऊन उभी असायची.

गंमत बघा. शेतावर तिला कोणी बोलावेना. आमच्याकडे कापणीला एकमेकांच्या शेतावर जायची रीत आहे, त्या रीतीतून तिचं नाव गळलं. पण उसण भरली की दार आमचंच. दिराचे दिवस झाले नि पलीकडच्या घरातली म्हातारी कंबर धरून ओटीवर हजर. "तुझं दुक्क मला कळतंय गो पोरी, पन माजी ही कंबर बघ. वाकता येत नाय, का उटता येत नाय."

मी तिला हाकलणारच होते. पण धाकटी बाहेर आली. म्हातारीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि लाथ घातली. जरा जोरातच घातली. म्हातारी भिंतीला आपटली, मग सरळ झाली, आणि "बरं वाटलं गो" म्हणत चालायला लागली. त्या दिवशी मला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. धाकटी हसली नाही.

मग उन्हाळा आला. वळवाचे ढग आले. पहिला गडगडाट झाला तशी मी सवयीने पाट मांडला, चहा टाकला. बघते तर ती दारात. म्हटलं, "अगो, जोडवी काढ, बस."

म्हणाली, "काढायला काय ऱ्हायलं नाय, बाय."

आणि उतरली अंगणात. मधोमध जाऊन उभी राहिली, हात खाली सोडून, तोंड वर करून. जशी एस्टीची वाट बघावी तशी. मी धावत गेले, दंडाला धरलं. "काय करतेस?"

"माझ्यासाठी आलेली. मी म्हटलं ना त्यांना, ढुंकून बघायची नाय म्हणून? माझ्या तोंडाने म्हटलं. आता येऊ दे तिला बरोबर ठिकाणी."

मी तिला ओढून आत आणली. त्या वर्षी असं कितीदा झालं ते विचारू नका. तिचा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला, तिथेच खोली करून राहतो. तो सुट्टीला मोटारसायकलवर यायचा, आईला समजावायचा: "आई, उंच झाडावर पडते ती. मोकळ्यावर पडते. पायाळू-बियाळू काय नसतं गं." ती मान हलवायची. त्याने महाडच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या. गोळ्यांनी झोप येऊ लागली, तेवढं बरं झालं. पण हायवेच्या कामाला लांब कुठे सुरुंग उडाला तरी ती ताटावरून उठायची.

घरात दिवसभर आम्ही दोघीच. हे शेतावर, नाहीतर गिरणीत. आणि मी म्हातारी. ती अंगाने माझ्या दुप्पट. जबरदस्तीने धरून किती दिवस ठेवणार? ह्या विचाराने मला झोप लागेना. हिला एक दिवस मला उचलून आणावी लागणार, जशी दिराला आणली.

आता पुस्तकाचं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांवर शिकले. साखर डब्यात ओतली की कागद वाचायचा, अर्धी बातमी इथे, अर्धी कुठे भलतीकडे. माझी लेक महाडला शाळेत शिकवते, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत राहते. ती मला पुस्तकं आणून देते. त्यातलं एक जुनं, पहिली पानं गळलेली, देशोदेशीच्या देवांच्या गोष्टींचं. त्यात हा बोकडांच्या गाडीतला देव. मी ते नुकतंच वाचून काढलं होतं.

एके दुपारी ढग आले, ती उठली, मी दारात तिचं मनगट पकडलं. आता हिला सांगू काय? देवाधर्माचं सांगून झालं होतं, मुलाची शपथ घालून झाली होती. तोंडाला आलं ते बोलले, "थांब गो. ही वीज नाय, ही गाडी हाय. बोकडांची."

ती थांबली. "बोकडांची?"

तिच्या माहेरी शेळ्या. बोकड म्हटल्यावर तिचा पाय अडखळणारच. मी तिला उंबऱ्यावरच बसवलं आणि सांगायला लागले. दाढीवाला देव, अंगाने आडदांड, भूक राक्षसाची, राग नाकावर. त्याच्या गाडीला घोडे नाहीत, बैल नाहीत, दोन बोकड.

"बोकड काय ओढतील?" ती म्हणाली. "बोकड जुवाला मान देत नाय."

"देवाचे बोकड ते."

"देवाचे असले तरी बोकडच ना."

वर गडगडत होतं, आणि आम्ही बोकड गाडी ओढेल का ह्यावर बोलत होतो. मी पुढे सांगितलं. हा देव वाटेत एका शेतकऱ्याच्या घरी उतरला. घरात खायला काही नाही. ह्याने आपलेच दोन्ही बोकड कापले, रांधले, सगळ्यांना वाढलं. कातडी अंथरली आणि म्हणाला, खा पोटभर, पण हाड मोडू नका, सगळी हाडं ह्या कातड्यावर टाका. सकाळी उठला, हाडांवरून हातोडा फिरवला, की बोकड जिवंत! उभे राहिले अंग झटकत. फक्त एक मागच्या पायाने लंगडत होता. शेतकऱ्याच्या पोराने मगजासाठी मांडीचं हाड फोडलं होतं ना.

मी रंगात आले होते. पोराची त्या देवाने कशी गाळण उडवली ते सांगणार, तर ती म्हणाली, "म्हणजे हाडं धड असली की उठतं?"

"गोष्टीत उठतं."

"त्यांचं एकपण हाड मोडलेलं नव्हतं, बाय."

ती उंबऱ्यावर बसून पावसाकडे बघत होती. म्हणाली, "आणि आपण ती सावित्रीच्या पाण्यात सोडली."

ढग कधी गेले ते दोघींनाही कळलं नाही. मी त्या रात्री पुस्तक कपाटात मागे ढकललं. म्हटलं, हिला हे परत सांगायचं नाही. पण दुसऱ्या खेपेला आभाळ भरून आलं तशी ती आपणच उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "त्या दाढीवाल्याचं अजून काय हाय?"

मग काय करता? काढलं पुस्तक.

त्याचा हातोडा कसा झाला ते सांगितलं. बुटके लोहार भात्यावर काम करत होते. दुसरा एक कपटी देव माशी होऊन आला आणि नेमका लोहाराच्या पापणीला चावला. डोळ्यात रक्त आलं, भाता क्षणभर थांबला, तेवढ्याने दांडा आखूड राहिला. पण हातोडा असा की फेकला तर नेम चुकायचा नाही, आणि परत हातात यायचा.

"खोटं," ती म्हणाली. "आखूड दांड्याच्या कुऱ्हाडीने नेम बसत नाय. घसरते."

"पुस्तकात लिहिलंय, चुकत नाय."

"लिहिणाऱ्याने धरलेली नसंल कधी."

हातोडा चोरीला गेल्याची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ती हसली. दीर गेल्यापासून पहिल्यांदा. एका राक्षसाने हातोडा पळवला आणि सांगितलं, मला देवलोकातली सुंदर नवरी द्या, तर परत देतो. मग ह्या दाढीवाल्यालाच नवरी केला. शालू नेसवला, गळ्यात दागिने, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडावर पदर. लग्नघरी जाऊन नवरीने अख्खा बैल खाल्ला, वर मासे.

"आणि कोणाला कळलं नाय?" ती म्हणाली. "आमच्यात नवरीने भाताचा एक घास जास्त घेतला तर सासू वर्षभर उद्धरते."

"राक्षसाला शंका आली गो. पण सोबतची करवली म्हणाली, नवरी ह्या घरच्या ओढीने किती दिवस जेवली नाय, म्हणून अशी खाते. मग लग्नाच्या रीतीप्रमाणे तो हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवायला आणला..."

"आणि हाणला!"

"हाणला."

ती पदरात तोंड घालून हसली. हसता हसता थांबली. विचारलं, "त्याने शेतकऱ्याला कधी मारला?"

"नाय. तो शेतकऱ्यांचाच देव होता. राक्षसांपासून त्यांना राखायचा."

"मग शेतात कशाला आला?"

मी पुस्तक पुढेमागे चाळलं. ह्याचं उत्तर त्यात नाही. अजूनही नाही.

एकदा त्या देवाच्या कुस्तीची गोष्ट सांगितली. राक्षसांच्या गढीत त्याला सगळ्यांनी हिणवलं आणि एका म्हातारीशी कुस्ती खेळायला लावली. तो जितका जोर लावी तितकी ती घट्ट. शेवटी तिने त्याला एका गुडघ्यावर आणलं. दुसऱ्या दिवशी कळलं, ती म्हातारी म्हणजे म्हातारपण. त्याच्याशी कोण जिंकणार? मी हे माझे गुडघे चोळत सांगत होते. धाकटी म्हणाली, "तुझ्यासारखीच ती. पकडलं की सुटका नाय."

असं करत ढगांमागून ढग गेले. मला वाटलं, बसली घडी. माणसाला वाटतंच.

गेल्या वर्षीची गोष्ट. पुन्हा चित्राच. आमच्याच शेतात कापणी अर्धी झाली होती, हे भात घेऊन गिरणीत गेले होते. ढग वाजले. मी पाट मांडला, हाक मारली. घरात नाही. न्हाणीत नाही, गोठ्यात नाही. मी दारात आले तर लांब बांधावरून ती चाललेली दिसली, ऐनाकडे. तो ऐन अजून उभा होता. एका अंगाने जळून काळा, दुसऱ्या अंगाला पालवी. तोडायचा तोडायचा म्हणत कोणी हात लावला नव्हता.

मी काठी घेतली आणि निघाले. कापलेल्या भाताचे खुंट पायात रुतत होते. पाऊस आडवा. हाक मारली तर ती माझीच मला ऐकू येईना. पोचले तेव्हा ती खोडाला पाठ लावून उभी होती, तो बसला होता त्याच जागी.

मला बघून ओरडली, "जा गो घरी! बाय, जा! माझ्यापायी तुझी होळी नको!"

त्याचेच शब्द.

"तू पण चल."

"मी पायाळू हाय. ती मला घेतल्याबिगर राहायची नाय. तू सरळ जन्मलीस, तू जा."

मी म्हटलं, "तोही सरळच जन्मला होता गो! माझ्या सासूने मला शंभरदा सांगितलंय, कुठं आडला नाय, कुठं फिरला नाय. सरळ जन्मलेला माणूस गेला तुझा. शोधत येते कुठली? तिला डोळे असते तर तो गेला असता?"

मी तिचं मनगट धरलं. ओढायला गेले आणि माझा गुडघा वळला. मी खाली आले ती तिला घेऊनच. चिखलात दोघी, ती एका गुडघ्यावर. मला उठता येईना. खरंच येईना. मी म्हटलं, "राहू दे आता. मीही इथंच बसते. येऊ दे तिला."

वर लख्ख झालं. तिचा चेहरा मला दिसला. इतकी वर्षं ती आभाळाकडे बघत होती, त्या दिवशी माझ्याकडे बघितलं. मग तिने माझ्या काखेत हात घातला आणि मला उचललं. अर्धी उचललेली, अर्धी फरफटत. सारखी म्हणत होती, "वाक बाय, खाली वाक. डोकं वर करू नको." मुलाने सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. कुठे उभं राहायचं नाही, कसं वाकायचं. स्वतःसाठी कधी केलं नव्हतं एवढंच.

आम्ही खोपीपाशी आलो तेव्हा समोरच्या डोंगराच्या धारेवर वीज पडली. ऐनाला काही झालं नाही. ऐन अजून तसाच आहे.

घरी आलो. कपडे बदलले. तिने माझ्या गुडघ्याला तेल लावलं. मग तिने विचारलं, "त्या दाढीवाल्याचं शेवटी काय होतं? ते तू सांगितलं नायस."

सांगितलं नव्हतं, मुद्दामच. आता सांगितलं. सगळं जग बुडायच्या दिवशी समुद्रातला मोठा सर्प बाहेर येतो. हा त्याला हातोड्याने मारतो. सर्प मरतो, पण त्याच्या विखाने हाही काही पावलं चालतो आणि पडतो.

"म्हणजे तो पण मरतो."

"तो पण."

"आणि त्याची बायको?"

"तिचे केस सोन्याचे होते. पुढं तिचं काय झालं ते लिहिलेलं नाय."

"कशाला लिहितील," ती म्हणाली, आणि तेलाची वाटी उचलून आत गेली.

शेवटची गोष्ट मी तिला यंदा सांगितली. एका राक्षसाने ह्या देवावर धार लावायचा दगड फेकला होता. हातोड्याने तो वाटेतच फुटला, पण त्याचा एक तुकडा देवाच्या डोक्यात रुतून बसला. तो काढायला एक मांत्रिकीण आली. तिचा नवरा कितीतरी दिवस बेपत्ता होता. ती मंत्र म्हणू लागली, दगड हलू लागला. देवाला इतकं बरं वाटलं की त्याला वाटलं, हिला काहीतरी आनंदाचं सांगावं. म्हणाला, तुझा नवरा जिवंत आहे. मीच त्याला टोपलीत घालून पाठीवरून थंडगार नदीपलीकडे आणलाय, येईलच घरी. आणि ती बाई आनंदाने मंत्रच विसरली. एकही आठवेना. दगड तिथेच राहिला, कायमचा.

मला वाटलं होतं ती म्हणेल, काय वेडी बाई. ती म्हणाली, "मी पण विसरले असते."

त्या मुलखात म्हणे कोणी धार लावायचा दगड घरात फेकत नसे. जमिनीवर आपटला की देवाच्या डोक्यातला दगड हलतो, त्याला कळ येते, म्हणून. गोष्ट तेवढ्यावर संपते.

आमच्या घरात आता अंगणात लोखंड टाकत नाहीत. हे मीच बंद केलं. गावाला ते पटलेलं नाही. पलीकडची म्हातारी म्हणते, तुमच्या दारात पायाळू, आणि तुमीच टाकत नाय? मी म्हणते, नाय टाकत. कोयता भिंतीजवळ हाताने ठेवायचा, वाजू द्यायचा नाही. मुलगा आला तरी त्याला हेच सांगून ठेवलंय.

पण बाकीच्या अंगणांना कोण सांगणार? परवाही ढग आले. ती उंबऱ्यावर, मी तिच्याशेजारी. पुस्तकातलं सगळं सांगून संपलंय, म्हणून मी चहाचंच काहीबाही बोलत होते. वरच्या आळीपासून सुरू झालं, एका अंगणात कोयता पडला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, दगडावर लोखंड. प्रत्येक आवाजाला तिचे डोळे मिटत होते. पलीकडच्या अंगणातला पडला तशी ती उठायला लागली.

मी मनगट धरलं. ती परत बसली.

"चहा उकळतोय," ती म्हणाली.

"उकळू दे," मी म्हटलं. हात सोडला नाही.